राहिलेला एक टाका

एकदा एका वयोवृद्ध पशुवैद्यांकडे तांबू नावाचा कुत्रा आला. त्याच्या हृदयातल्या पडद्याला जन्मापासून छिद्र होते; ते शस्त्रक्रियेने शिवायचे ठरले. मालक कापडाचा व्यापारी, जीव लावलेला. त्याने वैद्यांच्या शिष्याला बाजूला घेऊन हळूच विचारले, "म्हाताऱ्यांचे हात थरथरत नाहीत ना हो?"

"छे!" शिष्य म्हणाला खरा, पण संशयाचा किडा त्याच्याही डोक्यात वळवळू लागला.

हृदयाचे काम तेवढ्यापुरते उचलणारे यंत्र त्या गावात नव्हते. हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरा फितींनी आवळायच्या, रिकामे हृदय उघडायचे, काम उरकायचे आणि फिती सोडायच्या, हाच मार्ग. चार मिनिटांच्या वर गेले की जिवावर बेतते. वैद्यांनी शिष्याच्या हाती घड्याळ दिले. "दोन मिनिटे झाली की सांग. मी थांबेन."

चार मिळत असताना दोनच? त्यात फिती आवळल्यापासून म्हाताऱ्यांची मुखपट्टी आतून सारखी हलत होती. धीर सुटून देवाचा धावा करताहेत की काय! शिष्याने मनाशी ठरवले, आपण अंमळ उशिराच सांगू. टाके पुरे होऊ देत, म्हणजे सुटलो.

छिद्र मिटत आले. दोन मिनिटे झाली, तरी शिष्य गप्पच. एकच टाका उरला होता, आणि नेमके तेव्हाच वैद्यांनी सुई बाजूला ठेवली, हृदयाची चीर चिमट्याने मिटली आणि ते म्हणाले, "सोड फिती."

रक्त आले, पण हृदय हलेना. वैद्य ते बोटांनी हलकेच दाबत राहिले. सव्वा मिनिटाने एक ठोका पडला. मग दुसरा.

"वेळ मी मुद्दाम सांगितली नाही," शिष्याच्या तोंडून कसेबसे निघाले. "वाटलं, तुम्ही घाबरलात. पण तुम्ही तर पट्टीआड स्वतःच मोजत होता. म्हणजे तुमचाही माझ्यावर संशय..."

"तुझ्यावर कशाला? माझा संशय माझ्या हातांवर. काम जमून आलं की हातांना वाटतं, एवढा एकच टाका. म्हणून मोजतो, आणि असं वाटलं की सुई ठेवतो. अरे, ती चार मिनिटं कुत्र्याची असतात. त्यातली दोन आपण घ्यायची. उरलेली त्याला परत यायला लागतात."

हृदय स्थिरावल्यावर दहा मिनिटांनी फिती पुन्हा आवळल्या, एकाच मिनिटाच्या बोलीवर. या खेपेस शिष्याची नजर काट्यावरून ढळली नाही. "एक मिनिट!" तो बरोबर वेळेवर म्हणाला. तोवर शेवटचा टाका पडला होता.

बाहेर व्यापारी ताटकळत उभा होता. "हात थरथरले का हो त्यांचे?"

"नाही," शिष्य म्हणाला. "पण त्या हातांवर त्यांचाच विश्वास नाही. म्हणून तर तुमचा तांबू वाचला."