बंदुकीची राखण

"...तर मग सांगा बाबा, एवढी भारी बंदूक उशाशी असून मला झोप का येत नाही?"

कासमशा बाबा आपल्या तकियात, फकिराच्या त्या ठाण्यात, विझलेली धुनी उकरत बसले होते. सकाळी शेळीनं घागर कलंडवली, धुनीत पाणी गेलं. त्या दिवसांत तकियात पाणी भरायला मीच असायचो. शेळीही माझीच.

विचारणारे फत्तेसिंगराव इनामदार. जुनी हत्यारं जमवायचा नाद. डोळे लाल, बगलेत काठी. त्यांनी सोबतच्या गाठोड्याची दुलई सोडली, आतली शाल सोडली, तिच्या आतली मखमल सोडली. निघाली एक लांबलचक बंदूक.

"अमेरिकेची. चकमकीची, गारेच्या ठिणगीवर उडणारी. तिकडचा शिकारी हिनं हरणं मारायचा. अडीचशे वर्षं झाली. हात नका लावू बाबा, हाताला घाम असतो."

बाबांनी दोन्ही हात मागं घेतले.

"शेवटची कधी उडवलीत?"

"छे. अशी वस्तू उडवायची नसते. जपायची असते."

"आणि चोर आला तर?"

"त्याच धास्तीनं तर रात्रभर जागा असतो."

"आला तर उडवाल?"

"हिला? ओरखडा पडला म्हणजे?"

"मग चोराला काय दाखवाल?"

इनामदारांनी काठी पुढं केली.

बाबा काठीकडं बघत राहिले... मग बंदुकीकडं... मग परत काठीकडं. मी तोंड फिरवून शेळीला गोंजारत बसलो.

"बाबा, काहीतरी तावीज द्या. माणूस मरायला टेकलाय."

"तावीज लोबानच्या धुरावर धरावा लागतो. लोबानला विस्तव पाहिजे."

मी काडेपेटी काढली. बाबांनी नुसतं बघितलं, मी परत ठेवली. आमच्या तकियाची चालच तशी. धुनी पेटवायची ती गारगोटीच्या ठिणगीनं. अन् बाबांची गारगोटी झिजून हरभऱ्याएवढी झालेली.

बाबांनी बंदुकीच्या घोड्याकडं बोट केलं. घोड्याच्या तोंडात चांगली टोकदार गार होती.

"बाबा... ती मूळची आहे."

बाबांचं बोट तिथंच.

"गार आपटेल तिथं पोलादावर चरा उठेल."

बोट तसंच. शेळी रवंथ करत होती.

शेवटी इनामदारांनी नळीत गज घालून बघितला. दारू नाही, गोळी नाही. मी घोड्याखालच्या खळगीत, बंदुकीच्या कानावर, सावरीचा कापूस ठेवला. त्यांनी नळी भिंतीकडं केली, डोळे गच्च मिटले अन् चाप ओढला.

खट्ट.

ठिणग्या अशा उडाल्या की शेळी दोर तोडून पळाली. कापसानं पेट घेतला. बाबांनी फुंकर घातली, धुनी पेटली.

इनामदारांनी डोळे उघडले. पोलादावर पांढरा चरा उठला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. घामाचाच अंगठा.

"पडला ओरखडा," ते म्हणाले. मग परत घोडा चढवत म्हणाले, "बाबा, आणखी एकदा ओढू?"

"ओढा."

तीनचारदा ओढला. लहान पोरासारखे हसत होते.

मी शेळी धरून आणली तोवर इनामदार खांबाला टेकून घोरत होते, भर दुपारी. तोंड उघडं. बंदूक तिकडं राखेत पडलेली, मखमलीवर शेळी जाऊन बसली.

"बाबा," मी हळूच म्हणालो, "तावीज तर राहिलाच. उठवू का? त्यांची बंदूक उघड्यावर आहे."

"झोपू दे," बाबा म्हणाले. "ती काठी दे इकडं... आजची पाळी माझी."