केवळाबाईच्या घराची मोजणी

सांगितलेले शब्दशः पाळणाऱ्या भोळ्याची कथा महाराष्ट्रात अनेक रूपांनी आढळते. एका रूपात तो सासुरवाडीला निघालेला जावई असतो, दुसऱ्या रूपात आईने बाजाराला धाडलेला मुलगा. वस्तूही बदलतात; कधी तूप, कधी सुई, कधी कोकरू. कथेचा सांगाडा मात्र सहसा बदलत नाही. भोळ्याला प्रत्येक शहाणपण एक प्रसंग उशिरा मिळते आणि पुढच्या प्रसंगावर तो ते निष्ठेने लादतो. खालील रूप त्या मानाने बरेच कोवळे आहे. गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागल्यानंतरच ते जन्मले असणार, कारण त्यात तुपाची जागा चुन्याने घेतली आहे. सांगणारे ते हसू न आणता सांगतात.

कुण्या एका गावात पुंजाजी नावाचा भोळा गडी राहत होता. घरात तो आणि त्याची विधवा आई केवळाबाई. घर दोन खणांचे, मातीच्या भिंतींचे, वर कौले. तीन पिढ्या त्यात नांदल्या होत्या, पण घराचा कागद कुठेच नव्हता. शेजारचा लक्षिमन रोज कुंपणावरून म्हणे, "केवळामावशी, घर तुमचं म्हणता ना? मग कागद दाखवा."

एके दिवशी मोजणीवाले साहेब चावडीवर आले. बुधवारी अकरा वाजता गावावरून ड्रोन उडेल, तो फोटो काढील, फोटोंवरून नकाशा होईल आणि नकाशावरून प्रत्येकाला आपल्या नावाची मिळकत पत्रिका मिळेल, असे त्यांनी समजावून सांगितले. शेवटी म्हणाले, "तुम्ही फक्त एक करा. जे तुमचं आहे, त्याच्याभोवती चुन्याची रेषा मारा."

केवळाबाई लेकाला म्हणाली, "पुंजा, ऐकलंस ना? एवढी येळ चुकली तर लक्षिमन आपल्याला घरात राहू द्यायचा नाही. साहेब सांगतील तसंच कर."

"बरं माय, तसंच करतो."

पुंजाजीने चुना आणला. रांजणाभोवती रेषा मारली. बाजेभोवती मारली. म्हशीभोवती मारली. केवळाबाई तांदूळ निवडत बसली होती, तिच्याभोवतीही मारली. इतक्यात म्हैस उठली आणि रेषा ओलांडून लक्षिमनच्या अंगणात शिरली. पुंजाजी धावतच चावडीवर गेला.

"साहेब, म्हैस हद्दीबाहेर गेली. आता ती लक्षिमनची का?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, हलणाऱ्या वस्तूभोवती कुणी रेषा मारतं का? जे जागचं हलत नाही, त्याच्याभोवती मारा."

"बरं साहेब, तसंच करतो."

वाटेत पार होता. पारावर सटवाजी आबा बसले होते. सून हाका मारून दमली तरी आबा जागचे हलत नाहीत, हे गावाला ठाऊक होते. पुंजाजीने त्यांच्याभोवती गोल रेषा मारली.

"काय रं हे?" आबा म्हणाले.

"आबा, आता तुम्ही आमचे."

आबांनी विचारले, "तुमच्यात आज जेवायला काय आहे?"

"पिठलं."

"मग हरकत नाही," म्हणून आबा उठले.

"अरेरे, हललात की!" पुंजाजी हळहळला. "गेलात तुम्ही हातचे."

तरीही आबा जेवायला आलेच. केवळाबाईने त्यांना पिठले वाढले आणि लेकाला चार शब्द सुनावले. "मेल्या, माणसाभोवती रेषा मारतोस? आपल्या घराला भिंती हायेत ना? जिथं भिंत, तिथं रेषा." मग ती साक्षीदार म्हणून आपल्या भावाला आणायला त्याच्या गावी निघून गेली. बुधवारी दुपारच्या एसटीने ती परतणार होती.

"बरं माय, तसंच करतो," पुंजाजी तिच्या पाठीला म्हणाला आणि चारही भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर रेषा मारून मोकळा झाला.

मंगळवारी सकाळी साहेब पाहणीला आले. "ही ड्रोनला कशी दिसणार? तो वरून बघतो. जे वरून दिसत नाही, ते नकाशात येत नाही."

"बरं साहेब, तसंच करतो."

साहेब गावाला फेरी मारून परत येईपर्यंत रांजण, बाज, जाते आणि देव्हारा छपरावर गेले होते. बाजेवर पुंजाजी बसला होता.

"हे काय मांडलंय?"

"साहेब, आता समदं वरून दिसतं."

"खाली उतरवा ते सगळं!" साहेब ओरडले. "सामान नको, मला रेषा हवी. भिंतीच्या बुडाशी, जमिनीवर मारा. आणि ही कडुलिंबाची फांदी मधे येते, ती तोडा. रेषा आणि ड्रोन यांच्या मधे काही म्हणजे काही येता कामा नये."

"बरं साहेब, तसंच करतो."

पुंजाजीने सामान उतरवून कडुलिंबाखाली ठेवले. भिंतीच्या बुडाशी जमिनीवर रेषा मारली आणि फांदी तोडली. सबंध कथेत त्याच्या हातून घडलेली योग्य कृती ती एवढीच. इतर रूपांत भोळ्याला तेवढीही संधी मिळत नाही.

मग तो झाडावर चढला आणि त्याने ड्रोनसारखे खाली पाहिले. रेषा दिसेना. छपराची वळचण मधे येत होती. त्याने कौले उतरवायला घेतली.

लक्षिमन कुंपणापाशी आला. "पुंजा, काय चाललंय?"

"मधे येतंय."

लक्षिमनने घरातून आपली शिडी आणली. "घे बाबा. सरकारी कामात आपण आडवं येऊ नये."

दिवस मावळेपर्यंत कौले उतरली, वासेही उतरले. बुधवारी सकाळी ऊन वर आले, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीची सावली रेषेवर पडली. सावलीही मधेच येत होती. लक्षिमनने कुदळ आणून दिली. साडेदहापर्यंत चारही भिंती खाली आल्या. पुंजाजीने माती ओढून दूर नेली, जागा झाडली आणि रेषा पुन्हा ठळक केली.

अकरा वाजता ड्रोन उडाला. चावडीवर साहेब पडद्याकडे पाहून म्हणाले, "वा! अख्ख्या गावात एकच रेषा इतकी स्वच्छ. कुणाची हो ही?"

"केवळाबाईची," कोतवालाने सांगितले.

दुपारी केवळाबाई भावाला घेऊन आली आणि रेषेबाहेर थबकली. भाऊ घराची साक्ष द्यायला आला होता. तो इकडे तिकडे बघू लागला.

"पुंजा," केवळाबाई म्हणाली, "घर कुठाय?"

"माय, ते मधे येत होतं."

पुढच्या महिन्यात चावडीवर पत्रिका वाटल्या गेल्या. लक्षिमनही आला होता. साहेबांनी केवळाबाईची पत्रिका सर्वांसमोर वाचली. धारकाचे नाव, केवळाबाई. क्षेत्र, बेचाळीस चौरस मीटर. हद्दीबाबत वाद, नाही. बांधकाम, निरंक. केवळाबाईने अंगठा उठवला आणि पत्रिका घेतली.