तीन सकाळींचा वसा

ऐक ग वनमाउली, तू राखलेल्या रागाची कहाणी. बायांनो, हाती अक्षता घ्या, आपापसातलं बोलणं आवरा आणि मन लावून ऐका.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगराला राजा होता, राजाला राणी होती, राणीला एकुलती एक लेक होती. तिचं नाव कमळजा. राजवाड्याच्या मागं बाग होती. बागेत जांभळी होत्या, जुना उंबर होता आणि सगळ्यांत थोर असा एक शिरीष होता. राजाच्या पणज्यानं तो लावला. माळ्यांच्या तीन पिढ्यांनी तो राखला. पुढं माळी वारला, मागं त्याची बायको बयजा उरली. बाग तिच्या हाती आली.

बयजा गरीब होती, पण तिच्यापाशी सासऱ्यानं दिलेला एक वसा होता. जुन्या झाडाला हत्यार लावायचं, तर आधी तीन सकाळी त्याच्याखाली बसायचं. हाती काम घ्यायचं नाही, तोंडानं बोलायचं नाही. पहिल्या सकाळी पाहायचं, झाडात कोण जातं. दुसऱ्या सकाळी पाहायचं, झाडातून कोण निघतं. तिसऱ्या सकाळी पाहायचं, झाडात कोण कुणाला भरवतं. मग कापायचं की थांबायचं, ते ठरवायचं. वाड्यातल्या बाया म्हणत, "बयजेला बसायला निमित्त बरं सापडलंय." बयजा ऐके, पण बसे.

पुढं काय झालं? फाल्गुन सरला, चैत्र लागला. कमळजा पहिलटकरीण, ती बाळंतपणाला माहेरी आली. राणीनं तिला बागेकडची खोली दिली. खिडकीपुढं शिरीष उभा होता. त्याची एक फांदी वठली होती, ती खिडकीवर झुकली होती. बयजेच्या मनात आलं, ही उतरवायला हवी. म्हणून तिनं तीन सकाळी धरल्या. पहिल्या सकाळी धनेश पाखरांची जोडी आली, मादी खोडाच्या ढोलीत शिरली. दुसऱ्या सकाळी मादी निघालीच नाही. तिसऱ्या सकाळी बयजा पाहते, तो ढोलीचं दार आतून लिंपलेलं. बोटभर फट उरलेली, फटीतून चोचीचं टोक दिसतंय, आणि नर बाहेरून उंबरं भरवतोय. बयजेनं हात जोडले. बाळंतीण बसली, म्हणाली. आता ज्येष्ठापर्यंत खोडाला हात लावायचा नाही.

मग एके दिवशी वारा सुटला. शिरीषाच्या वाळल्या शेंगा खुळखुळल्या. वठलेल्या फांदीचा शेंडा मोडला आणि खिडकीखाली पडला. कुणाला लागलं नाही, पण राणी दचकली. राणी म्हणाली, "झाड पोकळ झालंय. उठल्यासुटल्या हाडं वाजवतंय. बाळंतिणीच्या दृष्टीपुढं असलं अभद्र नको. आज शिरीष पाडा. मग उंबर, मग जांभूळ. म्हातारं तेवढं सगळं काढा."

बयजेनं ते ऐकलं. ती राणीकडं गेली. राणी पाळण्याला गोंडे लावून घेत होती. बयजा म्हणाली, "राणीसाहेब, भीती आहे ती फांदीची. फांदी मी आज उतरवते. आधी खालून काप देईन, मग वरून देईन, म्हणजे साल ओरबाडणार नाही. फांदी खोडाला मिळते तिथली वळी राखीन, म्हणजे झाड आपली जखम आपण झाकील. खोड धडधाकट आहे, ते पाडू नका."

राणी म्हणाली, "पोकळ आणि धडधाकट? बयजे, तुझी अक्कलही तसलीच का ग?"

दासी हसल्या. बयजा परत आली.

ती दुसऱ्यांदा गेली. म्हणाली, "राणीसाहेब, मघाशी बोलायचं राहिलं. झाडात बाळंतीण आहे. धनेशाच्या मादीनं दार लिंपून घेतलंय. आत तिनं पंखांची पिसं गाळलीत, तिला उडता यायचं नाही. दोन महिने थांबा."

राणी म्हणाली, "माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत, आणि तू मला पाखराचे दिवस मोजायला सांगतेस?"

बयजा म्हणाली, "दोघींचंही नीट होईल, एवढंच सांगते."

राणी म्हणाली, "दोघींचं? एका ताटात वाढलंस का ग दोघींना?"

बयजा परत आली. ती तिसऱ्यांदा गेली. या वेळी ती काही बोलली नाही, दाराशी बसली. राणी म्हणाली, "आता काय?" बयजा म्हणाली, "राणीसाहेब, एकदा येऊन बघा. नुसतं बघा. मग पाडायचं तर पाडा." राणीनं मान फिरवली आणि बयजेला बागेत बंदी केली. पहारेकऱ्यांनी बयजेला दंडाला धरून बागेबाहेर काढलं.

करवतकरी आले. करवत लागली, भुसा उडाला. फुलायला आलेला शिरीष आडवा झाला. खोड आपटलं, ढोली उकलली. अंडी फुटली. मादी बाहेर आली. ती उडेना. पिसं गळलेल्या पंखांनी ती भुशात खुरडत चालली, कावळे खाली उतरले. बयजा पहाऱ्याचे हात झिडकारून धावली. तिनं मादीला पदरात घेतलं. दिवस मावळेतो पदरातच मादीनं मान टाकली.

बयजा रडली नाही. तिचे कान तापले, दातांवर दात बसले. ती तशीच राणीपुढं गेली. पदर पसरला, आतलं दाखवलं. मग कमरेचा कोयता काढून उंबऱ्यावर ठेवला. म्हणाली, "बाग तुमची, तुम्हीच राखा. मी शाप देत नाही. तेवढं माझं पुण्य नाही, आणि असतं तरी मी ते तुमच्यावर उधळलं नसतं. झाड काय काय राखत होतं, ते आता तुमचं तुम्हाला कळेल."

राणी म्हणाली, "फार बोललीस."

बयजा म्हणाली, "नाही राणीसाहेब, कमी बोलले. आणि उशिरा बोलले. हा राग मला पहिल्याच खेपेला यायला हवा होता. तेव्हा मी हात जोडत बसले." आणि ती निघून गेली.

वैशाख आला. कमळजा बाळंत झाली, मुलगी झाली. वाड्यात साखर वाटली. पण खिडकीपुढं सावली नव्हती. दुपारचं ऊन थेट बाजेवर येई. पडदे लावले, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, ऊन काही हटेना. बाळाच्या अंगावर घामोळं फुटलं, ते दिवसभर किरकिरू लागलं. राणी दासींवर करवादली, दासी एकमेकींवर करवादल्या. शिरीष मेला आणि त्याच्या जागी ऊन राज्य करू लागलं.

पुढं काय झालं? एका सकाळी धनेशाचा नर आला. शिरीष जिथं होता तिथं हवेत घिरट्या घातल्या. टेकायला फांदी नाही, म्हणून खिडकीच्या गजावर बसला. गळ्यातलं एक उंबर काढून त्यानं चौकटीत ठेवलं, साद दिली, वाट पाहिली आणि गेला. दासीनं ते उंबर झाडून टाकलं. दुसऱ्या सकाळी तो आला, उंबर ठेवलं, साद दिली, गेला. दासीनं तेही झाडलं. तिसऱ्या सकाळी कमळजा जागी होती. तिनं विचारलं, "हा कुणाला भरवतोय?"

एक दासी ताटी भिजवू लागली, दुसरी पाळणा हलवू लागली.

कमळजा म्हणाली, "तुमच्या तोंडाला कुलूप आहे. बयजामावशीला बोलवा."

बयजेनं निरोप्याला सांगितलं, "मला बागेत बंदी आहे." कमळजेनं पुन्हा निरोप धाडला, "बागेत नको येऊस. माझ्या बाजेपाशी ये." मग बयजा आली. कमळजेनं विचारलं, बयजेनं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक शब्द गाळला नाही.

तेवढ्यात राणी हातात गुटीची वाटी घेऊन आली. कमळजा म्हणाली, "आई, माझ्या दाराला तू पडदा लावलास. मोठ्यानं बोलणाऱ्याला हाकललंस. दारातून मांजरसुद्धा आत येऊ दिलं नाहीस. आणि दहा हातांवर तिचं दार करवतीनं फोडलंस."

राणी म्हणाली, "अग, पाखरू ते."

कमळजा म्हणाली, "पाखरू होतं म्हणून तर तिला तुझा हात धरता आला नाही. जिला धरता येत होता, तिला तू बाहेर काढलंस."

राणी म्हणाली, "तुझ्यासाठीच केलं ना सगळं?"

"माझ्या नावावर हे घालू नकोस," कमळजा म्हणाली. "या घरात मी लेकीचं नाव ठेवणार नाही. बिननावाची सासरी नेईन. कुणी विचारलं तर कारणही सांगेन."

 राणीच्या हातातली वाटी कलंडली. मग ती बयजेला म्हणाली, "याला उतारा काय? सोन्याचा शिरीष करून बसवू?"

बयजा म्हणाली, "सोन्याला ढोली पडत नाही राणीसाहेब. ढोली पडायला झाडाला म्हातारं व्हावं लागतं, आणि म्हाताऱ्या झाडांची यादी तर तुम्ही करवतीच्या हाती दिलीय. बाळंतपणासाठी थांबलेली करवत चार दिवसांनी उंबरावर चालायची आहे. करवतकऱ्यांना ठाऊक नाही, पण सगळी बाग त्याच्यावर जेवते."

राणी म्हणाली, "मग तुझा वसा मला दे."

बयजा म्हणाली, "तुम्हाला वसा कशाला? आज घ्याल, उद्या कंटाळाल, परवा पुन्हा करवत पाठवाल."

राणी म्हणाली, "कंटाळणार नाही. पाठवणार नाही. घेतलेलं सोडणार नाही."

बयजेनं वसा दिला. दिला खरा, पण गोड बोलून दिला नाही. "चटई आणायची नाही. छत्री आणायची नाही. दासी तर नाहीच नाही. तोंड मिटून यायचं."

राणी पहाटे उंबराखाली बसली. बयजा तिच्या पाठीशी उभी राहिली. थोड्या वेळानं राणीच्या पायावर मुंग्या चढल्या. राणी म्हणाली, "इथं तर काहीच नाही, नुसत्या मुंग्या." बयजा म्हणाली, "बोललात. सकाळ मोडली. उद्या पुन्हा पहिली." राणी रागानं लाल झाली. पण दुसऱ्या दिवशी आली.

पहिल्या सकाळी राणीनं पाहिलं, झाडात कोण जातं. खार गेली, चोचीत किडा धरून तांबट गेला, वठल्या फांदीवर सुतारपक्षी गेला. दुसऱ्या सकाळी पाहिलं, झाडातून कोण निघतं. बुंध्याच्या भेगेतून सरडा निघाला, वरच्या ढोलीतून पिंगळ्यानं गोल डोळे काढून राणीलाच निरखलं. तिसऱ्या सकाळी पाहिलं, कोण कुणाला भरवतं. तांबट पिलांना भरवत होता. मग धनेशाचा नर आला. त्यानं पिकली उंबरं वेचली, गळ्यात भरली, आणि शिरीषाच्या जागेकडं उडाला. तिथं एक घिरटी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. भरवायला कुणी नव्हतं. एकेक उंबर खाली भुशात पडलं.

राणीनं पदर तोंडाला लावला. मग उठली आणि करवतकऱ्यांना स्वतः जाऊन परत पाठवलं. त्यांचा मुकादम म्हणाला, "राणीसाहेब, हुकूम तुमचाच होता." राणी म्हणाली, "माझाच होता. म्हणूनच मी आले." शिरीषाचं खोड तिनं उचलू दिलं नाही, आहे तिथं कुजायला ठेवलं. त्यात भुंगे आले, वाळवी आली, वाळवीमागं पाखरं आली. बुंध्याला फुटवा आला, त्याला बयजेनं काट्यांचं कुंपण घातलं. ज्येष्ठ सरला, तांबटाची पिलं उडाली, पिंगळ्याचीही उडाली. मग बयजेनं पुन्हा तीन सकाळी धरल्या, आणि वाटेवर झुकलेली उंबराची एकच वठली फांदी उतरवली. राणीनं जखमेवर शेण लिंपायला घेतलं. बयजा म्हणाली, "नको. आपण लिंपलेलं आतून कुजतं. झाडाचं झाडाला करू द्या."

मग कमळजेनं लेकीचं नाव माहेरीच ठेवलं. पण बारसं वाड्यात केलं नाही, उंबराखाली केलं. बाया आल्या, पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. बयजा कुंपणाशी उभी होती. राणी तिच्या ओटीत घुगऱ्या घालायला गेली. हळूच म्हणाली, "बयजे, वसा पाळला. झाडं राहिली. नातीचं नाव ठेवलं. आता तरी तुझा राग गेला का?"

बयजेनं घुगऱ्या घेतल्या. म्हणाली, "नाही राणीसाहेब. गेला नाही."

"मग कधी जाईल?"

"तो जायला नको. तुमची आठवण दोन पावसाळे टिकेल. नातीला काहीच आठवायचं नाही. पुढच्या राणीला खिडकीतून डोंगर बघायचा असेल. तेव्हा बागेच्या दारात कुणीतरी रागावलेलं उभं हवं. मी हात जोडून तीनदा आले होते, त्याचं काय झालं ते आपण दोघींनी पाहिलंय."

 मग राणीनं कमरेला खोवलेला कोयता काढला, उंबऱ्यावर बयजा ठेवून गेली होती तोच, आणि तिच्या हाती दिला. बयजेनं तो खोवला आणि आपल्या कामाला गेली.

वनमाउली बयजेला पावली, पण पडलेलं झाड तिनं उभं करून दिलं नाही. मेलेली मादी तिनं उठवली नाही. तिनं बयजेचा राग विझू दिला नाही, एवढीच ती पावली. तशी ती तुम्हां आम्हां पावो. दारच्या जुन्या झाडाला कुणी करवत घेऊन आला, तर करवतीच्या आधी आपला राग उठो, आणि रागाच्या आधी आपले डोळे तीन सकाळी जागे असोत. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, ढोलीच्या दारी, मुळांच्या पारी, ती सगळ्यांना फळो.