दिवाळसणाचं घंगाळ

"सरकार, घात झाला! घंगाळ हिरवं पडलं!"

शिपायाने बोंब ठोकली आणि कोकणातल्या त्या टीचभर संस्थानाचे राजे भूपालराव पाटावरून तसेच उठून धावले. घंगाळ काही साधंसुधं नव्हे! आजोबांच्या वेळचं, तांब्याचं, दोन माणसं आत बसतील एवढं. चार दिवसांवर दिवाळी, त्यातून लेकीचा पहिला दिवाळसण. नव्या जावयाचं अभ्यंगस्नान याच घंगाळातल्या पाण्याने, ही घराण्याची रीत. आणि आता त्या घंगाळावर हे एवढाले हिरवे डाग!

झालं होतं इतकंच. भांडी घासणाऱ्या अंबूबाईने घंगाळाला चिंचेचा कोळ फासला आणि तेवढ्यात तिला थंडी वाजून ताप भरला. ती गेली खोलीत अंग टाकायला, कोळ राहिला तसाच, दुसऱ्या दिवसापर्यंत. चिंच लावली की लगेच धुवायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं हो! पण तापात माणसाला शुद्ध कुठली?

हे महाराजांना कोण सांगणार? एकदा डोकं फिरलं की ते कोणाच्या बापाचं ऐकत नसत.

"आजपासून राजवाड्यात भांड्यांना चिंच बंद!" ते कडाडले. "लिंबू तिचाच भाऊ, तोही बंद! राखेने ओरखडे उठतात, राख बंद! माती, वाळू, सगळं बंद!"

अंबूबाई खांबाला धरून कशीबशी उभी होती. तिची लेक आवडी पुढे झाली. सतरा-अठरा वर्षांची पोर, पण जिभेला हाड नाही.

"मग घंगाळ घासायचं कशाने, सरकार?"

"ते मी सांगू? भांडी तुम्ही घासता की मी?" महाराज आणखीच भडकले. "धनत्रयोदशीला दुपारी मी त्या घंगाळात माझं तोंड बघणार. दिसलं तर ठीक. नाही दिसलं, तर मायलेकींनी बोचकं बांधून चालू लागायचं! आणि कोठीतून मिठाचा खडासुद्धा मिळणार नाही, सांगून ठेवतो!"

कोठीच्या दाराशी लगेच एक शिपाई बसला. दुसरा बसला घंगाळापाशी, आवडीवर नजर ठेवायला.

"या दुखण्यात कुठे जायचं गं आपण?" अंबूबाई रडायला लागली.

"कुठेही जायचं नाही. तू पेज पी आणि निज," आवडी म्हणाली. दोन दिवस तिने नुसतं पाणी आणि काथ्या घेऊन घंगाळ घासलं. हात सोलवटले, डाग मात्र ढिम्म हलेनात.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मुदपाकखान्यातला केर टाकायला उकिरड्यावर गेली. बघते तर काय, आचारी मघापासून शोधत होता ती तांब्याची पळी तिथेच पडलेली! अर्धी काळीकुट्ट आणि अर्धी लखलखीत. लखलखीत अर्ध्या भागावर जे चिकटलं होतं, ते आवडीने नखाने उचललं, जिभेला लावलं आणि टुणकन उडीच मारली!

तिने टोपलीभर माल गोळा केला, घंगाळाला चोळचोळ चोळला आणि या वेळी तिथल्या तिथे भडाभडा पाणी ओतून, फडक्याने कोरडं केलं. शिपाई नुसता बघत राहिला. चिंच नाही, लिंबू नाही, राख नाही. अडवणार कशाला?

धनत्रयोदशीला दुपारी महाराज आले. घंगाळात वाकले. आतून त्यांच्याच मिशा त्यांच्याकडे बघत होत्या!

"चिंच वापरलीस!"

"नाही, सरकार. विचारा शिपायाला."

"लिंबू?"

"वाससुद्धा नाही."

"मग कशाने घासलंस? खरं बोल!"

"सोलकढीने!"

"काय?"

"म्हणजे सोलकढीच्या चोथ्याने. परवा पंगतीला आपण सहा वाट्या प्यायलात ना, तिची आमसुलं आचाऱ्याने पिळून उकिरड्यावर टाकली होती. आमसूल म्हणजे तरी काय? रातांब्याची साल. रसात आणि मिठात घोळवून उन्हात वाळवलेली. आंबट तिथेच, खारट तिथेच. तांब्याला आणखी काय हवं?"

महाराजांनी नकळत पोटावर हात ठेवला. "म्हणजे मी इतकी वर्षं भांडी घासायचं पाणी पितोय?"

"छे छे! जे आपल्याला मानवतं, तेच मी घंगाळाला वाढलं."

"पण कोठीतलं काही घ्यायचं नव्हतं!"

"कोठीतलं कुठे? उकिरड्यावरचं होतं. त्यावर हक्क कावळ्यांचा. त्यांनी काही तक्रार केली नाही."

महाराज चवताळले. "शहाणपणा शिकवतेस? मी चिंच-लिंबू बंद केलं म्हणजे आंबट बंद केलं! सगळं आंबट!"

"हो का?" आवडी पदर खोचून वळली. "माझंच चुकलं. मग आत्ताच जाऊन आचाऱ्याला सांगते, सरकारांचा हुकूम आहे, आजपासून राजवाड्यात आंबट बंद. सोलकढी बंद, ताक बंद, कैरीचं लोणचं बंद. जावईबापूंनाही वाढायचं नाही आणि सरकारांना तर मुळीच नाही!"

"सोलकढी बंद?" महाराजांचा चेहरा पडला. "अगं थांब! थांब म्हणतो ना! शिपाई, धरा तिला, आचाऱ्याकडे जाऊ देऊ नका!"

शिपाई धावले, आवडी थांबली, आणि महाराज जे हसत सुटले ते घंगाळाच्या काठाला धरून खाली बसले. डोळे पुसत त्यांनी बोटातली अंगठी काढून आवडीच्या हातावर ठेवली.

"तुझ्या आईला वैद्य बोलावतो. तुमची राहती खोली आजपासून तुमच्या नावावर, कोणी उठवायचं नाही. भांड्यांच्या दालनाची किल्ली तुझ्याकडे. आणि आचाऱ्याला सांग, सोलकढी कर. दोन हंडे!"

"दोन कशाला, सरकार?"

"एक पंगतीला. आणि चोथा जास्त निघायला नको का? माझ्या देवघरातली भांडी अजून काळीच आहेत!"