उजेडाची वेल

दुधी भोपळ्याच्या मळ्यात एक झोपडी होती. तिच्यात सोनजाई आणि तिचे आबा, दोघंच राहत. सोनजाईला आईबाप नव्हते. पायांत चपला नव्हत्या. परकराला ठिगळावर ठिगळ होतं. पण आबांचं गाणं होतं, आणि ते ती पोटभर ऐके.

गावाला ते कळत नसे. देवीच्या उत्सवात आबा दरसाल गात. तंबोरा छेडून सावकाश एकेक सूर लावत. लगेच भिकू तेली विचारी, “आबा, घसा साफ झाला का? गाणं कधी सुरू करताय?” माणसं हसत आणि उठून जात.

यंदा आबा म्हणाले, “पोरी, आजही माणसं उठली, तर तंबोरा खुंटीला. परत काढायचा नाही.”

सोनजाई मळ्यात जाऊन रडली. तिन्हीसांज झाली होती. भोपळ्याची पांढरीशुभ्र फुलं उमलत होती. एका फुलाचा देठ वाऱ्यानं मोडला होता. सोनजाईनं डोळे पुसले, परकराचा दोरा ओढला आणि देठ हलक्या हातानं बांधला.

लखकन उजेड पडला! फुलातून इवलीशी परी बाहेर आली. चांदीचे पंख, पोपटी झगा, कपाळावर दवाचा टपोरा थेंब.

“माझं घर सांधलंस. एक इच्छा माग,” परी म्हणाली. “पण अटी ऐक. मी कुणाचं मन वळवत नाही. दुसऱ्यासाठी मागशील, ते तुला दिसणार नाही. आणि चंद्र वर आला की माझा उजेड जाईल.”

सोनजाईनं आपल्या पायांकडे पाहिलं. तळव्यात काटे रुतले होते. तरी ती म्हणाली, “आबांचं गाणं गावाला दिसू दे.”

“कसं असतं ते?”

“वेलीसारखं. वेल घाई करत नाही. तिचा कुरळा तणावा आधी चाचपतो, मग आधार धरतो.”

“तथास्तु,” परी म्हणाली.

देवळात आबांनी सूर लावला. सोनजाईला काहीच दिसलं नाही. तिला दिसली ती माणसांची तोंडं. ती सोनेरी झाली होती.

“अगं बया, वेल!” गंगू कुंभारीण म्हणाली. “तंबोऱ्यातनं निघाली. बघ, कशी चाचपतीय!”

सूर फिरला, चढला, वळून घरी आला.

“धरला!” भिकूनं मांडीवर थाप मारली. “धरला आधार!”

तेवढ्यात चंद्र वर आला. तोंडांवरचं सोनं मावळलं.

“गेली वेल,” कुणीतरी पुटपुटलं. सोनजाईनं श्वास रोखला. आता उठणार सगळे!

गंगूनं डोळे मिटले. “गप बसा रे. दिसत नाही, पण ऐकू येतीय.”

कुणी उठलं नाही. आबा शेवटपर्यंत गायले.

“आबा,” भिकू हळूच म्हणाला, “एवढ्यात संपवलंत?”

आबांनी तंबोरा सोनजाईच्या मांडीवर ठेवला. “उद्यापासून माझ्या मागं तू बसायचंस.”

माणसं पांगली. तंबोऱ्यावर इवलीशी परी येऊन बसली. “देठ जुळला. हा तुझा दोरा,” ती म्हणाली, आणि तिनं तो तारेखाली सरकवला. सोनजाईनं तार छेडली. हजार मधमाश्या गुणगुणाव्यात, तशी ती घुमली. परी हसली. चांदीच्या पंखांची एक गिरकी, आणि ती दिसेनाशी झाली.

घरची वाट काट्यांची. पण त्या रात्री वाटभर पांढऱ्या पाकळ्या पसरल्या होत्या. सोनजाई अनवाणीच चालत गेली. एकही काटा लागला नाही.