फलाट तीनवरची हजेरी

“मग सही करायला नेमकी हरकत काय आहे, सर?”

श्रीरंग पाटणकर तिसऱ्यांदा विचारत होता. पहिल्यांदा नम्रपणे विचारून झालं, दुसऱ्यांदा हसून, आणि आता आवाज जरा चढला होता.

एसटी स्टँडवर फलाट क्रमांक तीनसमोरच्या सिमेंटच्या बाकावर, मांडीवर छत्री आडवी ठेवून गुरवसर बसले होते.

सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. म्हातारा रोज सकाळी नऊला येतो, बारापर्यंत बसतो आणि कुठल्याच गाडीत चढत नाही. रिक्षावाले म्हणत, गाण्याचा मास्तर कामातून गेला. श्रीरंग हे ऐकून हसायचा आणि मग हसल्याची लाजही वाटून घ्यायचा. दोन्ही तेवढ्यापुरतंच.

याच माणसानं गावच्या लहानशा कॉलेजात संगीत विभाग काढला आणि एकोणीस वर्षं चालवला. श्रीरंग त्यांचा विद्यार्थी, विद्यापीठाचं पदक मिळवलेला, आणि सर निवृत्त झाल्यापासून त्यांच्याच खुर्चीवर बसलेला विभागप्रमुख. नावामागे डॉक्टर. ते छापायला विसरलेली निमंत्रणपत्रिका आली, तर तो त्या कार्यक्रमाला जात नसे.

“सोमवारी मूल्यांकनाची समिती येतेय, सर. संस्थेचे लोक टपूनच बसलेत. आपली खोली त्यांना कॉम्प्युटरच्या वर्गाला हवीय. वर्गात चार पोरं उरलीत. त्यात आपले जुने विद्यार्थी पुढं काय झाले हेही दाखवता आलं नाही, तर जूनपासून विभाग बंद. मग माझं काय होईल ते सोडाच.”

“सोडू कशाला? काय होईल तुझं?”

“...ऑफिसात बसवतील. परीक्षेच्या फॉर्मवर शिक्के मारायला.”



त्यानं कागद पुढे केला. वर ठळक अक्षरांत मथळा होता, ‘संगीत क्षेत्रात नावारूपाला आलेले माजी विद्यार्थी’. खाली नऊ नावं. त्याखाली संस्थापक विभागप्रमुखांच्या सहीसाठी रेघ.

सरांनी चष्मा लावला. वाचायला बराच वेळ घेतला.

“मी सव्वाशेच्या वर पोरं शिकवली. यात माझी सातच?”

“बाकीच्यांचं काय दाखवू? कुणी पतपेढीत, कुणी मेडिकलच्या दुकानात. दोघीतिघींची ब्युटी पार्लरं आहेत. एक सूतगिरणीच्या गेटवर असतो.”

“आणि तुझ्या सोळा वर्षांतले?”

“दोन आहेत ना त्यात.”

“हं.”

सरांचं बोट एका नावावर थांबलं.

“विलास जगदाळे. आंतरराज्य वादक कलाकार...”

“बेळगावला वाजवलंय त्यानं.”

“बँडच्या गाडीवर. नवरदेवापुढं.”

“वाजवलंय तर खरं ना, सर!”

“आणि ही कुंदा. भक्तिसंगीत गायिका...”

“सासरच्या गावी भजनी मंडळ आहे. तिच्या नवऱ्यानं सांगितलं फोनवर.”

“नवऱ्यानं सांगितलं.” सरांनी नुसतं तेवढंच म्हटलं. मग म्हणाले, “दिवाळीत आली होती माझ्याकडे. पेटी पुढ्यात ठेवली. पदरानं तिच्यावरची धूळ पुसली आणि परत सरकवली माझ्याकडे.”

श्रीरंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ही यादी उभी करायला त्यानं दोन महिने घातले होते. फोन करकरून कान गरम झाले होते. कुणी उचललेच नाहीत, कुणी उचलून ‘कुठलं कॉलेज?’ म्हणालं. एकजण तर चक्क म्हणाला होता, “सर, त्या पदवीवर आता काही मिळणार असेल तरच बोला, मी गिऱ्हाइकात आहे.” असल्या लोकांतून नऊ नावं काढणं म्हणजे काय असतं, हे यांना काय कळणार? यांचं बरं आहे. पेन्शन घ्यायची आणि स्टँडवर येऊन गाड्या बघायच्या.

“सर, खोटं कुणी बोलत नाहीये. जरा बरं लिहिलंय, इतकंच. सगळीच कॉलेजं असं...”

सरांनी हात वर केला. गप्प, अशी खूण.

डोक्यावरचा कर्णा खरखरला.

“वडूजमार्गे औंधला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. प्रवाशांनी...”

पुढचं कुणाला कळलं नाही, बोलणाऱ्यालाही कळावं असं वाटत नव्हतं. आवाज घोगरा होता, तंबाखूनं बसलेला. कर्णा बंद झाला. बायकांनी पिशव्या उचलल्या, गाडीच्या दाराशी गर्दी झाली.

सरांचे डोळे मिटलेले होते. हात अजून वरच होता.

“कोण आहे?”

“कोण म्हणजे?... कंट्रोलवाला असेल.”

“आपण हजेरी कशी घ्यायचो रे?”

असला आडवा प्रश्न ऐकून श्रीरंगला चीड आली. पण उत्तर त्याला झोपेतही देता आलं असतं.

गुरवसरांच्या वर्गात नावं पुकारत नसत. सर तंबोरा लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग पोरांनी ओळीनं एकेक सा लावायचा. बस, तीच हजेरी. ‘हजर सर’ म्हणणाऱ्याला सर वर्गाबाहेर काढायचे. त्या एका ‘सा’वरून ते सांगायचे, तुला सर्दी झालीय, तू न खाता आलायस, तुझं घरी भांडण झालंय. एकदा एकानं न आलेल्या मित्राचा सा आवाज बदलून लावला होता. सरांनी डोळे न उघडता सांगितलं, “तुझा एकदा झालाय, बाळा.” वर्ग आठ दिवस हसत होता.

“तुझ्यानंतर कुणाचा सा असायचा?”

श्रीरंगला आठवायला वेळ लागला नाही. लागला, असं त्यानं दाखवलं.

“...तुळशीरामचा. रेणके.”

“यादीत नाही तो.”

“तो गातच नाही, सर. कित्येक वर्षं झाली. त्याचं काय लिहिणार? इथं एसटीतच कुठंतरी...”

तिथं त्याची जीभ अडखळली.

त्यानं वळून पाहिलं. स्टँडच्या टोकाला नियंत्रकाची खोली होती. जाळीच्या खिडकीआड एक सुटलेला, टक्कल पडत चाललेला माणूस माइकसमोर बसला होता. त्यानं एकदा बाकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.



तीन वर्षं ते दोघं मांडीला मांडी लावून बसले होते. तुळशीराम गोंधळ्याच्या घरातला, संबळाच्या आवाजात वाढलेला. एका सकाळी त्यानं तोडी लावली होती आणि श्रीरंगच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. ते पाणी आणल्याबद्दल पुढे चार दिवस श्रीरंगनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तो आवाज दोन मिनिटांपूर्वी डोक्यावर वाजला आणि त्याला तो कंट्रोलवाला वाटला.

“माइकमुळं आवाज बदलतो, सर.”

“हं.”

“म्हणजे... तुम्ही रोज याच्यासाठी येता?”

“अकरा वर्षं झाली. तो बाहेर येत नाही, मी आत जात नाही.”

“जा ना मग एकदा! जाऊन बोला.”

“काय बोलू? तू सांग.”

श्रीरंगला सांगता येईना. न सांगता आल्याचा त्याला राग आला, आणि राग आला की तो शिकवायच्या सुरात बोलायचा.

“सर, वाईट मलाही वाटतं. पण ज्याचं त्याचं नशीब असतं. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा जागा एकच होती. अर्ज आम्ही दोघांनी केला. माझं पदक होतं. मुलाखतीत मी अर्धा तास गायलो, निवड समितीचे अध्यक्ष मान डोलवत होते. मी काही कुणाचं हिसकावून घेतलं नाही.”

सोळा वर्षं हेच वाक्य तो स्वतःला ऐकवत आला होता. घोटून घोटून ते अगदी सफाईनं यायचं.

“पदक तुला लेखी पेपरांनी दिलं,” सर म्हणाले. “गाण्यात तो पुढं होता.”

“...ते काय, थोडंफार.”

“थोडंफार?”

श्रीरंग खाली बघायला लागला.

“मुलाखतीच्या आदल्या दिवशी अध्यक्ष घरी आले होते,” सर म्हणाले. “म्हणाले, आम्हाला यातलं कळत नाही. दोघांतलं एक नाव तुम्ही चिठ्ठीवर लिहून द्या. मी दिलं.”

“आदल्या दिवशी?”

“हो.”

“मग मी गायलो ते...”

“गायला होतास बरा.”

औंधची गाडी धूर सोडून निघून गेली. फलाट रिकामा झाला. श्रीरंगला वाटलं, आपल्या खुर्चीचे चारी पाय कुणी तरी एकदम कापून नेलेत. पदक, अर्धा तास, डोलणारी मान... विभागाच्या भिंतीवर तो मुलाखतीनंतरचा फोटोसुद्धा लावलेला होता. समितीबरोबर काढलेला. मान ताठ.

“त्याला माहीत आहे हे?”

“चिठ्ठीचं मीच सांगितलं त्याला. दुसऱ्या दिवशी घरी आला. खाली बसला. म्हणाला, ‘सर, माझं काय चुकलं?’”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“काहीच चुकलं नाही, म्हणालो.”

छत्रीच्या मुठीवरून त्यांचा अंगठा फिरत राहिला.

“काहीतरी चूक काढायला हवी होती. तुझा मध्यम हलतो, तुझं पाठांतर कच्चं आहे, काहीही. ती दुरुस्त करत तो बसला असता, गात राहिला असता. चूकच नाही म्हटल्यावर माणूस काय दुरुस्त करणार? नमस्कार केला आणि गेला. पाच वर्षं इथं तिथं शिकवण्या केल्या. मग एक दिवस मी साताऱ्याला निघालो होतो, या बाकावर बसलो होतो, आणि वर कर्ण्यातून तो बोलला...”

“मग?”

“गेलो नाही साताऱ्याला.”

श्रीरंगला त्या म्हाताऱ्याची कणव आली. त्याहून जास्त स्वतःची आली. खरं सांगायचं, तर तुळशीरामची सर्वांत शेवटी आली, आणि तीही थोडीच.

सरांनी हात पुढे केला.

“पेन दे.”

श्रीरंगनं घाईघाईनं दिलं. निदान हे तरी मार्गी लागलं, असं त्याच्या मनात आलंच.

सरांनी कागद छत्रीवर सपाट केला. नवव्या नावाखाली दहा आकडा घातला आणि सावकाश लिहिलं, तुळशीराम अंबादास रेणके. पुढची जागा कोरी ठेवली. खाली रेघेवर सही केली आणि कागद परत दिला.

“याच्यापुढं काय लिहू, सर? समिती विचारेल.”

“विचारू दे.”

“अहो, पण मी काय उत्तर देऊ?”

सर नियंत्रकाच्या खोलीकडे बघत होते. तिथला माणूस पाठमोरा होऊन भिंतीवरच्या फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहीत होता. खडू मोडला. त्यानं वाकून तुकडा उचलला आणि पुढे लिहायला लागला.

श्रीरंग उठला. सही मिळाली होती. चार पावलं गेला आणि परत आला. जे विचारायचं नाही असं त्यानं चार पावलांत ठरवलं होतं, तेच तोंडातून बाहेर पडलं.

“मग चिठ्ठीवर माझं नाव का लिहिलंत?”

सरांनी छत्री मांडीवर सरळ केली.

“तो पुढं होता, तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मग मी का? माझे वडील कॉलेजच्या ऑफिसात होते म्हणून?”

“नाही.”

“तुमची सेवा केली म्हणून?”

“सेवा त्यानंही केली.”

“मग?”

“त्याच्या घरात सात पिढ्या गाणं होतं,” सर म्हणाले. “मला वाटलं, हा काय, नांगर धरला तरी गाईल. तुझं तसं नव्हतं. पोटापाण्याला लागलास की तुझं गाणं सुटेल, याची भीती वाटायची. ते टिकावं म्हणून ती खुर्ची तुला दिली. त्याचं सुटेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.”

कर्णा पुन्हा खरखरला. दहिवडीची गाडी. तो पूर्ण बोलून होईपर्यंत दोघंही हलले नाहीत.

“मग तुमची अर्धीच चूक झाली, सर,” श्रीरंग म्हणाला. हातातल्या कागदाची घडी तो पुन्हा पुन्हा घालत होता. शब्द भराभर येत होते, आणि ते कुणीतरी खरे आहेत म्हणावं म्हणून त्याचा जीव कासावीस झाला होता. “माझं तर टिकलं ना. विभाग चालवतोय मी सोळा वर्षं. या समितीपायी दोन-चार महिने काय ती गडबड... पण माझं टिकलं, सर. माझं नाही सुटलं.”

सरांनी चष्मा काढला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी श्रीरंगकडे नीट वळून पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, हेच श्रीरंगला सोसेना.

“काल काय गायलास?”