माशी उडवू का, पाळकसाहेब?

"प्रभूने मला दर्शन दिलं!" पाळक थिओफिलसाहेबांनी पुल्पिटच्या उंच प्रवचन-ओट्यावरून जाहीर केलं. "तबिथाने माझ्या भाच्याशी लग्न करावं!"

तांबेओहोळच्या ख्रिस्ती देवळात सगळ्या माना गर्रकन वळल्या. तबिथाचं लग्न तर शेजारगावच्या अनुग्रहशी ठरलेलं! आणि पाळकांचा भाचा मोझेस? तो पहिल्याच बाकावर घोरत होता.

तबिथाचा बाप शांतवन सुतार उभा राहिला. "पाळकसाहेब, लग्न तिचं, मग दर्शन तुम्हाला कसं?"

"माझ्यावर शंका म्हणजे प्रभूवर शंका!" पाळक गरजले. "चल, हो मंडळीबाहेर! आजपासून याच्याशी कुणी बोलायचं नाही!"

अशी अकरा माणसं आधीच बाहेर होती. सगळ्यांचा गुन्हा एकच, प्रश्न विचारला! दर रविवारी ती खिडकीबाहेर उभी राहून गीतं म्हणायची. शांतवन जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला.

"ये बाबा," एक म्हातारी म्हणाली, "तुझ्यामुळे बारा प्रेषित पुरे झाले!"

तबिथा त्याच दिवशी पाळकांच्या बंगल्यावर गेली. "साहेब, बाबांना आत घ्या. आणि माझी अन् अनुग्रहची पुकार करा."

लग्नाआधी तीन रविवार देवळात जोडप्याची नावं पुकारायची, हा तिथला रिवाज. पुकार नाही तर लग्न नाही!

पाळकांनी मिशीवरून हात फिरवला. "करीन की! पण अट आहे. तीन आठवडे तुमच्या घरात मला विचारल्याशिवाय पान हलता कामा नये. मी प्रभूला विचारणार, मगच तुम्ही करणार. एकदा जरी चुकलात, तर मुकाट्याने मोझेसशी लग्न!"

"पानसुद्धा नाही?"

"पानसुद्धा नाही!"

"जशी आज्ञा!" तबिथा म्हणाली आणि हसतच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बंगल्याची कडी वाजली. "साहेब, कोंबड्या सोडू का?"

"सोड!"

पाच मिनिटांनी पुन्हा कडी. "पाच आहेत साहेब. आधी कुठली?"

"तांबडी!"

पुन्हा कडी. "तांबडी म्हणते, अंडं घालून मग येते. थांबू का?"

दुपारी भाकरी बाजरीची की ज्वारीची, संध्याकाळी वांग्याला मसाला गोडा की काळा, आणि पाळक अंघोळीला बसले की न्हाणीच्या दाराबाहेरून, "साहेब, साबण लावायच्या आधी एवढं एकच!"

पाळक वैतागले, पण मनातून फुलले. रविवारी ते पुल्पिटवरून म्हणाले, "तबिथाकडे बघा! याला म्हणतात आज्ञापालन! घराघरात असंच झालं पाहिजे!"

झालं! सोमवारी बंगल्यासमोर साठ घरांची रांग! कुणी कालवणाचं पातेलं आणलं, "मीठ बघता का?" कुणी म्हैसच आणली, "ही दूध देत नाही, समजावता का?" नवरा-बायको भांडतच आले, "आधी कोणी गप्प बसायचं, ते विचारा प्रभूला!"

दुसऱ्या आठवड्यात पाळक मागच्या दाराने पळू लागले. तिसऱ्या आठवड्यात ते ज्वारीच्या कणगीत लपले. तबिथाने वरचं झाकण उचललं. "साहेब, तुम्ही इथे आहात हे कुणाला सांगू की नको?"

तिसऱ्या रविवारी बिशपसाहेब वार्षिक भेटीला आले. देऊळ गच्च भरलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन पाळक संदेश द्यायला उभे राहिले, आणि तबिथाने हात वर केला.

"आता काय?" पाळक ओरडले.

"खिडकीबाहेर बघा ना साहेब! बाबांच्या नाकावर माशी बसलीय. उडवायची का?"

सगळ्यांनी पाहिलं. शांतवन पुतळ्यासारखा ताठ उभा होता. नाक तेवढं थरथरत होतं.

"जरा लवकर विचारा प्रभूला," तबिथा म्हणाली. "ते शिंक धरून उभे आहेत!"

पाळकांचा संयम सुटला. पुल्पिटवर मूठ आपटून ते किंचाळले, "अगं, देवाने तुला डोकं दिलंय ना? मग ते वापर! ज्याच्या त्याच्या घरातलं मला काय कळतंय?"

तबिथा बिशपसाहेबांकडे वळली.

"ऐकलंत साहेब? कुणी लग्न कुणाशी करायचं, कुणी कुणाशी बोलायचं, सगळं यांना प्रभू सांगतो म्हणे. पण इतक्या वर्षांत आमच्या पाळकांच्या तोंडून प्रभू खरोखर बोलला, तो आजच!"

"आँऽऽछी!" खिडकीतून शांतवन शिंकला.

बिशपसाहेब इतके हसले, इतके हसले, की चष्मा घसरून मोझेसच्या मांडीवर पडला आणि तोसुद्धा जागा झाला!

मग डोळे पुसून त्यांनी तबिथाला सगळी हकीकत विचारली. ऐकता ऐकता त्यांचं हसू मावळलं. ते पाळकांना म्हणाले, "पुल्पिटवरून खाली या. बाहेरच्या या बारा जणांचं मी स्वतः ऐकून घेणार. चौकशी संपेपर्यंत तुम्ही मागच्या बाकावर!"

बाराही जण आत आले, तेही पुढच्या दाराने. तबिथा आणि अनुग्रहची पहिली पुकार बिशपसाहेबांनी स्वतः केली, ती इतक्या मोठ्याने की शेजारगावातही ऐकू गेली असेल.

"आता बोल मुली, तुला काय बक्षीस देऊ?"

"मंडळीच्या पंचांमध्ये एक जागा द्या."

"एवढीशी तू! पंचांमध्ये बसून करशील काय?"

"प्रश्न विचारीन!"

बिशपसाहेबांना पुन्हा हसू फुटलं. "दिली!"